चिठ्ठी दप्तरातून पडली नव्हती

ताई, मी 25 वर्षांचा, लालबागला राहतो. बारावीत चाळीतल्या माझ्या मित्राने क्लासमधल्या एका मुलीसाठी चिठ्ठी लिहिली आणि पोचवायला माझ्याकडे दिली. मलाही ती आवडायची. मी चिठ्ठी दिली नाही, उलट तिच्या भावाच्या कानावर घातलं. त्याने चाळीत येऊन तमाशा केला. तिचा क्लास बंद झाला, मित्राला विरारला काकांकडे धाडलं. तिनेच भावाला सांगितलं, असं तो अजून समजतो. तिचं आता लग्न झालंय. त्या वर्षावर मी शॉर्टफिल्म लिहिलीय, 24 पानं, सोबत पाठवतोय. स्पर्धेला महिना उरलाय आणि शेवट जमत नाहीये. मित्राला कुणाकडून तरी कळलं. त्याचा मेसेज आला, 'ते वर्ष काढू नकोस.' काय करू?
– अस्वस्थ, लालबाग

प्रिय अस्वस्थ,

तुझी संहिता दोनदा वाचली. दुसऱ्यांदा हातात दोन पेन्सिली घेऊन: ती असलेल्या दृश्यांवर लाल खूण, तो असलेल्यांवर निळी. तूही करून बघ. 22 दृश्यांपैकी 13 मध्ये ती दिसते, पण बोलते तीनदाच, त्यात एकदा नुसतं 'वही दे.' तो 17 दृश्यांत आहे. कटिंग तुझ्याबरोबर वाटून घेतो, रात्रभर जागून तुझं जर्नल उतरवून देतो. प्रेमकथा म्हणून लिहायला बसलास आणि पानापानांवर मित्रच येत राहिला.

वयात येण्याच्या सिनेमात असं होतं, त्यात वावगं काही नाही. 'फँड्री'त जब्याला आवडणारी शालू त्याला लांबूनच दिसते. काळ्या चिमणीमागे त्याच्यासोबत हिंडतो तो त्याचा मित्र पिऱ्या. पण तिथे ते अंतर जाणूनबुजून ठेवलेलं आहे. तुझ्याकडून ते नकळत पडलंय.

आता दृश्य 19. तू लिहितोस, चिठ्ठी दप्तरातून पडते आणि भावाला सापडते. तुझा शेवट इथेच अडकलाय. चिठ्ठी आपोआप पडली तर दोष कुणाचाच नाही. मग पुढच्या तीन दृश्यांत नायक पावसात एवढा का रडतो, हे बघणाऱ्याला कळायचं कसं? ज्याने काही केलंच नाही, त्याच्या गोष्टीला शेवट सापडत नाही.

म्हणून आधी मित्र, सिनेमा नंतर. दोन्ही विषय एकाच भेटीत काढू नकोस. माफीपाठोपाठ परवानगी मागितलीस की माफी परवानगीसाठीच होती असं त्याला वाटेल, आणि तसं वाटण्यात त्याची चूक नसेल.

याच आठवड्यात मेसेज कर, छोटा: 'फिल्म थांबवलीय. तू हो म्हटल्याशिवाय पुढे नेणार नाही. त्या चिठ्ठीबद्दल तुला एक खरं सांगायचंय, चूक माझी आहे. दादरला भेटशील? नको असेल तर तसं सांग.' उत्तर आलं नाही तर तीन आठवडे थांब. मग हाताने एक पानी पत्र लिहून पाठव आणि त्यानंतर गप्प बस. पत्र अशासाठी, की तो अजून निरपराध मुलीवर राग धरून आहे. तो गैरसमज काढणं त्याच्या भेटण्या न भेटण्यावर ठेवता येणार नाही. मधल्या मित्रांना यात घालू नकोस.

दादर यासाठी, की विरारहून एका गाडीत येता येतं आणि उठून जावंसं वाटलं तर लगेच परतताही येतं. चाळीत बोलावू नकोस, तमाशा तिथेच झाला होता. रविवार ठरला तर मेगाब्लॉक आधी बघ. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसा. शेजारी बसलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहावं लागत नाही. पहिल्या दोन मिनिटांतच सांग: 'चिठ्ठी मी दिलीच नाही. भावाला मी सांगितलं. तिला काहीच माहीत नव्हतं.' 'पण' नको. 'आपण लहान होतो' नको. तुलाही ती आवडायची हे त्याने 'का?' विचारलं तरच. तो चिडेल, कदाचित निघून जाईल. त्याला जाऊ दे. 'माफ केलंस ना?' असं मात्र विचारू नकोस. तुझी समजूत काढायचं काम त्याच्याच गळ्यात पडेल.

चिठ्ठी अजून तुझ्याजवळ असणार, कारण दृश्य 8 मध्ये ती शब्दशः उतरवलीयस. कॉपीराइट कायद्यानुसार (1957) पत्रातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो, कागद कुणाच्याही कपाटात असो. कायदा राहू दे, तुझ्याकडे ती फक्त पोचवायला दिली होती. लिफाफ्यात घालून त्याला परत दे. मोबाईलमध्ये फोटो असेल तर तोही पुसून टाक.

तिलाही तू देणं लागतोस, तिचा क्लास तुझ्यामुळे सुटला. तरी इन्स्टाग्रामवर शोधून तिला रात्री मेसेज टाकू नकोस. तिच्या एखाद्या मैत्रिणीकरवी एवढंच विचार, की तिला यातलं काही ऐकायचंय का. एकदाच. नाही म्हणाली किंवा उत्तरच आलं नाही तर तिथे थांब.

फिल्मचं म्हणशील तर यंदाची स्पर्धा सोड. मित्र हो म्हणाला तर संहिता छापून दे, सोबत पेन्सिल दे, आठ दिवस दे. तो जे खोडेल ते वाद न घालता काढ. नाही म्हणाला तर नुसती नावं बदलून भागणार नाही. चाळ, क्लास, भाऊ, विरार एवढ्या खुणा एकत्र आल्या की लालबागमधलं कुणीही ओळखेल. तेव्हा वस्ती बदल, घरं बदल, चिठ्ठीच्या जागी दुसरंच काही आण. ठेव फक्त तुझं कृत्य, ते तुझंच आहे.

दोन दृश्यं मात्र आत्ताच लिहून बघ, स्वतःपुरती. एक त्याच्या बाजूने: चिठ्ठी दिल्यानंतरची संध्याकाळ, तो जिन्यात उत्तराची वाट बघतोय. दुसरं तिचं: क्लास बंद झाल्याचा दिवस, तुम्ही दोघंही त्यात नाही. प्रत्येकी दोन पानं पुरेत.

भेट झाली तर कळव. तो काय बोलला ते मात्र लिहू नकोस, मलाही नको.

– ताई