ताई, ‘विश्वास कमी पडला’ असं पवित्र शास्त्र म्हणत नाही

ताई, तुम्ही लिहिलंत की तीन वर्षं डायलिसिसवर काढून तुमचा धाकटा भाऊ गेला. चर्चच्या मंडळीने उपास-प्रार्थना केल्या होत्या. दफनविधीनंतर घरी आलेले एक वडीलधारे म्हणाले, “विश्वास कुठंतरी कमी पडला.” तेव्हापासून आई रोज विचारते, देवाने हे का होऊ दिलं? तिला काय सांगू, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी ते वाक्य मनातून काढून टाका. बायबलमध्ये येशूचा प्रेषित पौल याने शरीरातला काटा निघावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली. काटा राहिला, “माझी कृपा तुला पुरे आहे” एवढं उत्तर मिळालं. त्याच पौलाला आपला सोबती त्रफिम याला मिलेत इथे आजारी ठेवून पुढे जावं लागलं. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी ही एक ओळ आहे, प्रवचनात ती सहसा येत नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने स्वतः, मरणाआधी, दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. तो टळला नाही. यात विश्वास कुणाचा कमी होता?

पापाची शिक्षा म्हणणारेही भेटतील. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती हेही त्याने मान्य केलं नाही.

मग का? प्राचीन ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीन याच्या वाटेने जाणारे सांगतात की देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं आणि त्याच्या गैरवापरातून दुःख जगात शिरलं. त्याच्याही आधीचा धर्मचिंतक आयरेनियस याच्या विचारात माणूस अजून घडतो आहे, झगडत झगडत प्रौढ होतो आहे. मी दोन्ही मानतो. पण पहिल्याने युद्ध आणि अन्याय समजतात, तरुण मुलाची किडनी का निकामी झाली ते समजत नाही. आणि ‘दुःखाने मी घडलो’ हे ज्याचं त्याने, पुष्कळ वर्षांनी, स्वतःबद्दल म्हणावं. दुसऱ्याच्या मयताला जाऊन ते सांगू नये.

मुलंबाळं, संपत्ती, आरोग्य सगळं गमावलेल्या ईयोबाचं बायबलमधलं पुस्तक 42 अध्यायांचं आहे. मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर गप्प बसले. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. मग तोंड उघडलं आणि कारणं सांगत सुटले. शेवटी देव त्या मित्रांपैकी अलीफजला म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जे यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. आणि ईयोब काय बोलला होता? जन्मदिवसाला शाप दिला, देवाला जाब विचारला. त्याला कारण शेवटपर्यंत सांगितलं गेलं नाही. पण देव वावटळीतून त्याच्याशी बोलला, त्याला टाकलं नाही.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य आठवा. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पती. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना केडगावला घेऊन आल्या. ‘म्हणूनच देवाने त्यांना दुष्काळ दाखवला’ असं मंडळीत म्हणतात, ते मला पटत नाही. आईबाप उपासमारीने मरणं हा कुणाच्या कार्याचा खर्च नव्हे. त्यांनी भूक पाहिली होती आणि दुसऱ्याची भूक पाहून त्यांना घरी बसवलं नाही, एवढं मी म्हणेन. 1921 मध्ये मुलगी मनोरमाही गेली. वर्षभरात त्या स्वतः गेल्या.

माझी मुलगी सहा वर्षांची असताना गेली. भेटायला आलेल्या एका पाळकांनी “देवाला बागेतलं सुंदर फूल हवं होतं” म्हटलं. माझी पत्नी म्हणाली, “त्याच्या बागेत फुलं कमी होती का?” आठ महिने मी प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षारस, घेतलं नाही. पण मुलगी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. काही बोलल्या नाहीत. मुलीच्या दप्तरात डबा तसाच राहिला होता, अर्धी पोळी आत, वास सुटलेला. आमच्यापैकी कुणाचा हात लावायचा धीर होत नव्हता. त्यांनी तो उघडला, मोरीत बसून राखेने घासला, पुसून फळीवर पालथा ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत पत्नीशेजारी लसूण सोलत बसल्या. देव माझ्या घरी आला असेल तर त्या दिवशी आला, असं मी आजही मानतो.

कारण आपला देव दुःख लांबून पाहणारा नाही. “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” हा ‘का’ येशूच्या तोंडून, वधस्तंभावरून आला आहे. आईचा प्रश्न तोच आहे, त्यामुळे तिला गप्प करू नका. आणि पुनरुत्थानानंतरही खिळ्यांचे व्रण प्रभूच्या हातांवर तसेच होते, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला ते दाखवले. जखम झालीच नव्हती असं देवही म्हणत नाही.

आज आई विचारेल तेव्हा “मलाही माहीत नाही गं” एवढंच म्हणा. तिची इच्छा असेल तर बायबलमधलं स्तोत्र 88 वाचून दाखवा. ते अंधारातच संपतं, पुढे समाधानाची ओळ जोडू नका. भावाची फाईल, गोळ्यांचे डबे अजून कपाटात असतील. ते दोघींनी मिळून आवरा, तिला जमेल त्या दिवशी.