जामिया हफ्साच्या मुलींच्या हातात काठी कुठून आली?

ताई, मुलींच्या मदरशात जे शिकवतात त्यानेच मुली कट्टर होतात का, असं तुम्ही विचारलंय. नुसतं हो किंवा नाही म्हणून भागणार नाही, म्हणून इस्लामाबादच्या जामिया हफ्साचंच उदाहरण घेतो.

लाल मशिदीला लागून असलेला हा मुलींचा मदरसा. जानेवारी २००७मध्ये प्रशासनाने सरकारी जागेवरच्या बेकायदा मशिदी पाडायला घेतल्या, तेव्हा इथल्या मुलींनी शेजारचं लहान मुलांचं वाचनालय ताब्यात घेतलं. डोक्यापासून पायापर्यंत काळा बुरखा आणि हातात लांब काठी, ते फोटो तेव्हा जगभर छापून आले. मार्चमध्ये कुंटणखाना चालवते म्हणून एका बाईला तिच्या घरातून उचलून आणलं. जुलैत लष्कर आत घुसलं आणि शंभराच्या आसपास माणसं गेली. त्यात मुली किती, यावर सरकारचा आणि मदरशाचा आकडा कधीच जुळला नाही.

आता अभ्यासक्रम बघा. पाकिस्तानातल्या बहुतेक देवबंदी, म्हणजे देवबंदच्या धर्मपरंपरेतल्या, मदरशांच्या परीक्षा वफाकुल मदारिस हे एकच मंडळ घेतं. अरबी व्याकरण, फिकह म्हणजे धर्मकायदा, हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं. हेच शिकून हजारो मुली घरी गेल्या, संसाराला लागल्या, गल्लीतल्या बायकांना कुराण शिकवू लागल्या. त्यांनी काठी उचलली नाही.

मग हफ्सात काय वेगळं होतं? तिथल्या पुष्कळ मुली सरहद्द प्रांतातल्या, गरीब घरच्या. राहणं-जेवण मदरशाचं. घरी जिचं मत कुणी विचारत नव्हतं, तिला 'आलिमा', म्हणजे धर्माची जाणकार, झाल्यावर मोठ्या बायका मसला, म्हणजे धर्मातली अडचण, विचारायला येतात. या मानाची ओढ फार खरी आहे, तिला हसणाऱ्यांचा मला राग येतो. पण इथे मान देणारं, जेवू घालणारं आणि शिकवणारं घर एकच होतं. मौलाना अब्दुल अझीझ मशिदीचे प्रमुख, त्यांच्या पत्नी उम्मे हस्सान मुलींच्या मुख्याध्यापिका. अफगाण सीमेवरच्या वझिरिस्तानात अतिरेक्यांशी लढताना मेलेल्या पाकिस्तानी सैनिकांचा जनाजा पढू नका, म्हणजे त्यांच्यासाठी अंत्यविधीचा नमाज करू नका, हा २००४चा फतवा याच मशिदीतला. अझीझ यांचे वडील अफगाण जिहादच्या काळात तेव्हाचे लष्करशहा झिया उल हक यांच्या जवळचे. म्हणजे हे रोप सरकारनेच पाणी घालून वाढवलं होतं. अशा घरातून हुकूम आला, तर ती पोर दुसरं मत विचारायला जाणार कुणाकडे?

मदरसाच हवा असंही नाही. डिसेंबर २०१५मध्ये कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला नवऱ्यासोबत १४ जणांना मारणारी ताश्फीन मलिक मुलतानच्या विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकलेली होती. ती अल-हुदा या बायकांना कुराण शिकवणाऱ्या संस्थेच्या धर्मवर्गांनाही गेली होती, पण तिथे जाणाऱ्या असंख्य सुशिक्षित बायकांनी कुणावर बोटही उगारलेलं नाही.

म्हणून मी कुठल्याही मदरशाबद्दल आधी हे विचारतो: मुलगी सुट्टीत घरी जाते का, तिला बाहेरची परीक्षा देता येते का, उस्तादचं म्हणणं पटलं नाही तर तसं बोलता येतं का. पुस्तकांची यादी मी त्यानंतर मागतो.

हफ्साची ती इमारत कारवाईनंतर पाडली. चालवणारं घर मात्र राहिलं. २०१४मध्ये नव्या जागेतल्या ग्रंथालयाला ओसामा बिन लादेनचं नाव दिलं गेलं, आणि वर्षअखेरीला तिथल्या मुलींनी 'इस्लामिक स्टेट'चा म्होरक्या बगदादी याला पाठिंबा देणारा व्हिडिओ काढला.