गेम खेळताना पीसी अडखळतो, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) ११० वरून ४५ वर येतो. दुकानदार म्हणतो ग्राफिक्स कार्ड बदला. खरंच बदलावं लागेल का?

नव्या कार्डाचे पैसे तूर्त खिशातच राहू देत. तुम्ही लिहिलंय त्यावरून कार्ड गेल्याचं मला तरी दिसत नाही. गेलेलं कार्ड रोज वीस मिनिटं नीट चालून मग रुसत नाही. ते स्क्रीनवर रंगीत ठिपके-पट्टे दाखवतं, गेम बंद पाडतं, नाहीतर डिस्प्लेच देत नाही.

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी एकमेकींत मिसळल्यात, त्या आधी सुट्या करू. पहिली, गेम सुरुवातीला ११० एफपीएसवर झकास चालतो, वीसेक मिनिटांनी ४५ वर येतो आणि तिथेच बसतो. दुसरी, नव्या भागात शिरताना किंवा मोठा स्फोट झाला की क्षणभर चित्र थिजतं. तिसरी, रात्री ऑनलाइन खेळताना समोरचा खेळाडू इथला तिथे उडी मारतो. मशीन तुमचं रायझन ५ ५६०० सीपीयू (प्रोसेसर), सोबतचाच कूलर, जीटीएक्स १६६० सुपर ६ जीबी ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम. राहता निपाणीत आणि घराला लागून तंबाखूचं गोदाम.

ही गोदामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. मी बेळगावात उद्यमबागेतल्या काही कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. फाउंड्रीच्या ऑफिसातल्या मशीनमध्ये काळी धूळ बसते, पण ती कोरडी असते, ब्लोअर मारला की निघते. निपाणीकडून आलेली मशीन उघडली की आधी वास येतो, मग दिसते ती तपकिरी भुकटी. पावसाळ्याची दमट हवा लागली की ती कूलरच्या पात्यांमध्ये घट्ट बसते आणि नुसत्या फुंकरीने हलत नाही.

पण उघडायच्या आधी मोजा. एमएसआय आफ्टरबर्नर उतरवून घ्या. फुकट आहे, कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं, सोबत स्क्रीनवर आकडे दाखवणारा रिव्हाट्यूनर येतो. गेम चालू असताना कोपऱ्यात एवढं दिसेल असं लावा: सीपीयूचं तापमान आणि क्लॉक (चालण्याचा वेग), जीपीयूचं (कार्डावरच्या चिपचं) तापमान, क्लॉक आणि वापर, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) किती भरली, आणि फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळाचा आलेख. आलेख विसरू नका, कारण नुसता एफपीएसचा आकडा फसवतो. समजा प्रत्येक फ्रेमला ९ मिलिसेकंद लागतात, म्हणजे साधारण ११० एफपीएस. आता एका सेकंदात मध्येच एका फ्रेमला ८० मिलिसेकंद लागले, तरी त्या सेकंदाचा हिशेब १०३ एफपीएस येतो. कोपऱ्यातला आकडा १०३ दाखवतो आणि तुमच्या डोळ्याला मात्र सणसणीत झटका बसलेला असतो. आलेखात तोच झटका उभ्या सुळक्यासारखा लगेच दिसतो.

आता वीस मिनिटांची तक्रार. ४५ वर आल्या क्षणी आकडे बघा. सीपीयू ९० अंशाला टेकलाय, त्याचा क्लॉक ४.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असायचा तो बराच खाली आलाय, आणि जीपीयूचा वापर ९८ टक्क्यांवरून ५०-६० वर घसरलाय, असं असेल तर कार्ड बिचारं रिकामं बसलंय, सीपीयूची वाट बघत. ९० अंश ही या सीपीयूची कंपनीने दिलेली मर्यादा आहे. तिथे पोचला की स्वतःला वाचवायला तो वेग कमी करतो. याउलट जीपीयूचा वापर ९८ टक्केच आहे, पण त्याचं तापमान ८५ च्या पुढे आणि क्लॉक कमी कमी होतोय, तर गरम कार्ड होतंय. दोन्ही ठिकाणी दोष उष्णतेचा, फक्त साफ काय करायचं ते बदलतं. माझा अंदाज सीपीयूचा आहे, कारण सोबत येणारा कूलर लहान असतो आणि धूळ आधी तोच खातो.

थंडीत सगळं ठीक होतं, होळीनंतर त्रास सुरू झाला, असं तुम्ही लिहिलंय. ते अगदी जुळतं. कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीचं तापमान आणि चिपचं तापमान यांतला फरक ठरावीक ठेवणं एवढंच त्याच्या हातात असतं. जानेवारीत खोली २५ अंशांवर असताना चिप ८० वर राहत असेल, तर एप्रिलच्या दुपारी खोली ३५ ला गेली की तीच चिप ९० ला टेकणार. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलं असेल तर आणखी वाईट, कारण तिथे तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत ओढतो.

याची खात्री करायला एक रुपयाही लागत नाही. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा, टेबलफॅन लावा आणि तोच गेम तितकाच वेळ खेळा. एफपीएस टिकला किंवा घसरण बरीच उशिरा आली, तर निकाल लागला.

मग साफसफाई. मशीन बंद, वायर भिंतीतून काढलेली. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरने हवा मारू नका. त्या हवेत पाणी आणि तेल येतं, आणि जोर इतका असतो की बारीक भाग उडून जातील. हातातला साधा ब्लोअर आणि रंगाचा नवा मऊ ब्रश पुरे. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. वरून कूलर स्वच्छ दिसला म्हणून थांबू नका. पंखा आणि खालचे ॲल्युमिनियमचे पापुद्रे यांच्या मधोमध भुकटीचा जाड थर बसलेला असतो आणि तो पंखा बाजूला केल्याशिवाय दिसतच नाही. पंखा वरून जोरात फिरतोय, हवा मात्र खाली पोचतच नाही, अशी अवस्था असते.

कूलर पूर्ण काढून पेस्ट (सीपीयूची उष्णता कूलरला पोचवणारा मधला लेप) बदलणार असाल तर जरा थांबा, कारण या पिढीच्या रायझनमध्ये खरा अपघात इथेच होतो. जुनी पेस्ट वाळून घट्ट झालेली असते, कूलर सरळ वर ओढला की सीपीयू सॉकेटातून उपटून त्याच्यासोबत येतो आणि खालच्या पिना वाकतात. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मशीन बंद करा, चारही स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने सैल करा, आणि कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत सुटा करा. सुटल्यावरच उचला. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायची, नवी हरभऱ्याच्या दाण्याएवढी मधोमध लावायची. हात थरथरत असतील तर हे काम माहीतगाराकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

दुसरी तक्रार, क्षणभर थिजण्याची. पहिल्यांदा स्फोट बघताना झटका बसतो आणि दुसऱ्यांदा त्याच जागी बसत नाही, असं असेल तर ते शेडर (प्रकाश, रंग कसे काढायचे ते कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्याचं काम आहे. डायरेक्टएक्स १२ वरच्या बऱ्याच गेममध्ये, विशेषतः अनरिअल इंजिनवाल्या, तुमच्या कार्डासाठीचे शेडर खेळता खेळता तयार होतात आणि साठवून ठेवले जातात. ड्रायव्हर बदलला की तो साठा बाद होतो आणि झटके पुन्हा येतात. म्हणून दर आठवड्याला ड्रायव्हर बदलायची हौस करू नका. गेम सुरू होताना शेडर तयार करतोय असं दाखवत असेल तर ते पूर्ण होऊ द्या. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये शेडर कॅशेचा (याच साठ्याचा) आकार १० जीबी करून ठेवा, आणि ते क्लीनर नावाचे ॲप काढून टाका, ते हाच साठा पुसत बसतात.

झटके त्याच जागी पुन्हा पुन्हा येत असतील तर व्हीरॅमचा आकडा बघा. ६ जीबी काठोकाठ भरली असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) एक पायरी खाली आणा, बाकी सेटिंग तशीच ठेवा. तुमच्या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ३३६ जीबी वेगाने वाचली जाते. न मावलेला माल साध्या रॅममध्ये जातो आणि तो आणायला जी पीसीआय एक्सप्रेसची वाट आहे, तिचा वेग सेकंदाला १६ जीबीच्या आसपास. बाकीच्या फ्रेम वेळेत येतात, ती एक वाटेत अडकते.

रॅमही बघून घ्या. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग आणि किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेलं असतं. ३२०० ची रॅम घेऊन तिथे २१३३ किंवा २४०० दिसत असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सोय, चालू करायचं राहिलंय. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. १६ जीबीची एकच पट्टी असेल तर ८-८ च्या दोन पट्ट्यांनी झटके कमी होतात. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर त्या सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर तो एसएसडीवर हलवा, आणि एसएसडी गच्च भरू देऊ नका.

तिसऱ्या तक्रारीचा पीसीशी संबंधच नाही. समोरचा उडी मारतोय, पण तुमचा एफपीएस आणि फ्रेमटाइमचा आलेख सपाट आहे, तर दोष इंटरनेटचा. गेममध्ये पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेला डेटा) दाखवायची सोय चालू करा, सर्व्हर मुंबईचा निवडलेला आहे ना ते बघा, आणि एकदा राउटरपासून लॅन केबल टाकून खेळा. केबलवरही रात्रीच त्रास होत असेल तर मग कनेक्शनवाल्याशी भांडा.

एखादवेळी चित्रासकट आवाजही तडतडून सेकंद-दोन सेकंद सगळंच थांबतं का? रायझनच्या काही मशीनवर टीपीएम या सुरक्षेच्या सोयीमुळे असं होत होतं. एएमडीने २०२२ मध्ये ते मान्य केलं आणि बायोस अपडेटमधून दुरुस्ती दिली. बोर्ड दुकानात बराच काळ पडून असेल तर बायोस जुना असू शकतो. अपडेट कराच, पण वळवाचं आभाळ आलेल्या संध्याकाळी नको. बायोस लिहिताना मध्येच वीज गेली तर बोर्डच बसेल.

विजेवरून आठवलं. 'तुमच्याकडे व्होल्टेज कमी, म्हणून गेम अडखळतो' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. चांगला एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) १०० ते २४० व्होल्टपर्यंत कुठेही चालतो आणि आत तेच १२ व्होल्ट पुरवतो. विजेने मशीन बंद पडेल, रीस्टार्ट होईल, पण एफपीएस ४५ वर येऊन तिथे तासभर बसणार नाही. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर गेमिंग पीसी चालवू नका, ती वेगळी गोष्ट. गेम बूस्टर वगैरेंच्या तर नादालाच लागू नका. त्यापेक्षा विंडोजमधलं बॅकग्राउंड रेकॉर्डिंग बंद केलं तरी जास्त फरक पडेल.

एवढं सगळं करूनही, तापमान आटोक्यात असताना एफपीएस ४५ वरच येत असेल, तर कार्ड काढून एखाद्या मित्राच्या मशीनमध्ये लावा आणि तोच गेम, तीच सेटिंग, अर्धा तास चालवा. तिथेही ४५ च आले तर दुकानदाराचं खरं. तिथे ११० आले तर त्याला कार्ड दाखवायला जाऊच नका.