गाडीची सक्तीची तपासणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी दर वर्षी न चुकता सर्व्हिसिंग करतो. मग वेगळ्या सुरक्षा तपासणीची सक्ती कशाला?

सर्व्हिसिंगमध्ये ऑइल, फिल्टर बदलतात; गाडी नीट चालावी हा त्यामागचा हेतू. तपासणीत काहीच बदलत नाहीत. ही गाडी इतरांमध्ये चालवण्याइतकी सुरक्षित आहे का, एवढाच निकाल द्यायचा असतो. तो तिऱ्हाइताने द्यावा लागतो, कारण झीज सावकाश होते आणि रोज चालवणाऱ्याला तिची सवय होऊन जाते. ब्रेक थोडे उशिरा लागू लागले की पाय थोडा आधीच जाऊ लागतो. शॉकअब्सॉर्बर निकामी होत गेले की वळणावर आपण नकळत वेग कमी करतो. मग एक दिवस समोर कुणी अचानक येतं आणि सांभाळून घ्यायला वेळच मिळत नाही.

तपासणी केंद्रात चाकं रोलरवर फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक-जोर वेगळा मोजतात. युरोपीय संघाच्या नियमांनुसार एका चाकाचा जोर त्याच एक्सलवरच्या (आसावरच्या) दुसऱ्या चाकाच्या ७० टक्क्यांहून कमी निघाला, तर तो मोठा दोष धरला जातो. हलक्या ब्रेकला हा फरक सहसा जाणवत नाही. ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला खेचली जाते. टाय रॉडचा (स्टिअरिंग चाकांना जोडणाऱ्या दांड्याचा) सैल जॉइंट किंवा चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, लागलेला गंजही गाडी वर उचलून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

प्रश्न : बहुतेक अपघात चालकाच्या चुकीने होतात असं वाचलं. मग या तपासणीने खरंच काही साधतं का?

तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेच्या पाहणीत शेवटचं निर्णायक कारण वाहनात सापडलेले अपघात सुमारे २ टक्के होते. नॉर्वेतल्या एका अभ्यासात तर तपासणीमुळे दोष दुरुस्त झाले, पण अपघात कमी झाल्याचं दिसलं नाही. टेक्सास राज्याने १ जानेवारी २०२५पासून खाजगी गाड्यांची सुरक्षा तपासणी बंदच केली.

तरीही मी सक्तीच्या बाजूने आहे. चालकाचं लक्ष क्षणभर चुकलं, त्याने उशिरा ब्रेक दाबला आणि टायर गुळगुळीत असल्यामुळे गाडी दोन-चार मीटर पुढे जाऊन धडकली, तर नोंद ‘चालकाची चूक’ अशीच होते. माणसाची चूक निस्तरायला जी थोडी जागा लागते, ती ब्रेक आणि टायर देतात. आणि त्या जागेत उभा असलेला पादचारी तुमच्या गाडीचे ब्रेक तपासून घेऊ शकत नाही. त्याच्या वतीने ते कुणीतरी तपासायला हवेत.

प्रश्न : तपासणी पास झाली म्हणजे पुढच्या तारखेपर्यंत निश्चिंत राहायचं का?

नाही. प्रमाणपत्र त्या दिवसापुरतं बोलतं. टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, असा नियम अनेक देशांत आहे. आज १.७ भरली तर गाडी पास. काही आठवड्यांनी तोच टायर बाद. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला तर ते उकळून बुडबुडे धरतं आणि पेडल फुसकन खाली जातं. पुष्कळ ठिकाणी तपासणीत फक्त त्याची पातळी बघतात. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत, बहुधा दोन वर्षांनी, ते बदलून घ्या.

प्रश्न : तपासणारं गॅरेज स्वतःच दुरुस्तीही करतं. नसलेले दोष दाखवलेत हे कसं ओळखावं?

शंका रास्त आहे. ब्रिटनमध्ये गॅरेजला दोन्ही कामं करता येतात, पण दुरुस्ती दुसरीकडे करून घ्यायची मुभा मालकाला असते. नेदरलँड्समध्ये सरकारी यंत्रणा काही गाड्या निवडून पुन्हा तपासते. तपासणारा आणि दुरुस्त करणारा वेगळाच असावा, असं माझं मत आहे. ते शक्य नसेल तर दोष लेखी मागा आणि गाडीखाली जाऊन भाग डोळ्यांनी पाहा. खिळखिळा जॉइंट हाताने हलवून दाखवता येतो.

प्रश्न : पहिली तपासणी किती वर्षांनी असावी?

ब्रिटनमध्ये तीन वर्षांनी आणि मग दर वर्षी. जर्मनी आणि जपानमध्ये तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी. भारतात खाजगी गाडीची पहिली नोंदणीच पंधरा वर्षांची असते आणि सक्तीची तपासणी तिच्या नूतनीकरणाच्या वेळी येते. माझ्या मते हा काळ फारच लांब आहे. रबरी होज (नळ्या) आणि बुश (सांध्यांतली रबरी अस्तरं) त्याच्या कितीतरी आधी तडकतात.

प्रश्न : तपासणीला जाण्याआधी घरी काय पाहून ठेवावं?

सगळे दिवे, हॉर्न, वायपर, सीट बेल्टची कुलपं आणि टायरच्या बाजूंच्या चिरा. ब्रेकचे दिवे पाहायला मागे कुणाला तरी उभं करा. इंजिन सुरू झाल्यावरही एअरबॅगचा किंवा एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) इशारा-दिवा विझला नाही, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता गाडी आधी दाखवून घ्या.