शून्यावर परतणारा आकडा

प्रश्न : दारू सोडणाऱ्यांसाठी मी अ‍ॅप तयार करते आहे. न पिता गेलेले दिवस मोजायचे, एकदा जरी प्यायला तर आकडा पुन्हा शून्य. याने उमेद टिकेल का?

उत्तर : सुरुवातीला टिकेल. पण ज्या रात्री पाय घसरेल, त्या रात्री तोच शून्य घात करेल. ‘आता गेलंच सगळं, मग आणखी एक घेऊ,’ हे मी समुपदेशनात नेहमी ऐकते. एका घोटाचं पुन्हा व्यसन होतं ते या विचारामुळे, असं मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी मांडलं होतं. म्हणून आजवरचे एकूण दिवस दाखवा, ते पुसू नका.

तलफ बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ निभावायला विश्वासाच्या माणसाला फोन लावणारं बटण समोरच हवं. बक्षीस म्हणून स्क्रीनवर पदकं, फटाके मला तरी पोरकट वाटतात. दारू सोडण्याची कारणं वापरणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्या. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या ‘प्रेरणादायी मुलाखत’ या समुपदेशन पद्धतीचा गाभा हाच : बदलाची कारणं माणसाच्याच तोंडून यावीत. अ‍ॅपच्या नोटिफिकेशनमध्ये ‘दारू’ शब्द नको, फोन शेजारचाही बघतो.

आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते. आधी डॉक्टरांना भेटा, हे पहिल्याच स्क्रीनवर ठळक लिहा.