मेथी-वांग्यातलं औषध तपासायला सॉक्सलेट कशाला?

लातूरच्या ज्या ताईंनी विचारलंय की एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, मेथी न वांग्यातली कीटकनाशकं, म्हणजे फवारणीची औषधं, बघायचीत, कॉलेजात फक्त जीसी-ईसीडी (वाफ करून औषधं वेगळी करणारं यंत्र न त्याचा शोधक) आहे, सर सॉक्सलेट (उकळत्या सॉल्व्हंटनं, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवानं, अर्क काढायचं काचेचं उपकरण) लावा म्हणायलेत पण यांना ग्रीन, म्हणजे कमी रसायन न कमी कचऱ्याची, पद्धत पाहिजे, त्यांच्यासाठी जरा लांबच लिहितो.

ताज्या भाजीला सॉक्सलेट लावूच नका. मेथी म्हणजे बहुतेक सगळं पाणीच, ती आधी वाळवायची, त्यात काही औषध उडणार, मग कित्येक तास उकळत्या सॉल्व्हंटात उरलेलं तुटणार, आणि तेवढा वेळ कंडेन्सरचा, म्हणजे वाफ गार करायच्या नळीचा, पाण्याचा नळ चालूच. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव तुमचं, तिथं ग्रीन म्हणताना नुसतं सॉल्व्हंट मोजून भागत नाही, हे नळाचं पाणीही हिशोबात धरा असं माझं मत.

१९७५ च्या ल्यूक नावाच्या अर्क काढायच्या पद्धतीत १०० ग्रॅम भाजीला २०० मिली ॲसिटोन लागायचं, वर डायक्लोरोमिथेन वेगळं. २००३ मध्ये क्वेचर्स ही सॉल्व्हंट न क्षार घालून हलवायची झटपट पद्धत आली आणि काम १० ग्रॅम भाजी न १० मिली ॲसिटोनायट्राइलवर आलं. सगळे तुम्हाला हेच सांगतील, पण ईसीडीला ॲसिटोनायट्राइल नीट मानवत नाही, शेवटी सॉल्व्हंट बदलावंच लागतं. त्यापेक्षा इथिल ॲसिटेट धरा. पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानं द्राक्षासाठी वापरलेली पद्धत अशीच आहे, १० ग्रॅम नमुना, १० मिली इथिल ॲसिटेट, १० ग्रॅम कोरडं सोडियम सल्फेट, हलवा, सेंट्रिफ्यूज करा, वरच्या थरातलं थोडं पीएसएनं, म्हणजे नको ते घटक धरून ठेवणाऱ्या पुडीनं, साफ करा. स्वस्त पडतं, लवकर उडतं, रोटाव्हॅपरची (सॉल्व्हंट उडवायच्या यंत्राची) गरज नाही, एक-दोन मिली नायट्रोजन वायूच्या झोताखाली उडवून हेक्झेनमध्ये घेतलं की झालं.

आता आपल्या भागातली खरी गोम. सोडियम सल्फेट पाणी धरून ठेवतं ते साधारण ३२ अंशाच्या खालीच, त्याच्या वर सोडून द्यायला लागतं. एप्रिल-मे मध्ये एसी नसलेल्या लॅबमध्ये ट्यूब टेबलावर ठेवून काम केलं तर सॉल्व्हंटात पाणी राहणार आणि तुम्ही दोष पद्धतीला देणार! भाजी फ्रीजमधून काढून गारच वाटा, ट्यूब बर्फात ठेवा. आणि भाजी धुऊन घेऊ नका, वरचं औषध नळाला जातं.

मेथीचा हिरवा रंग काढायला जीसीबी, म्हणजे कार्बन, टाकतात. लई थोडा टाका, क्लोरोथॅलोनिलसारखी चपटी रेणू असलेली औषधं तो रंगाबरोबर ओढून घेतो. वांग्याला बहुतेक पीएसए पुरतं. स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी माहीत प्रमाणात घेतलेलं औषध, नुसत्या हेक्झेनमध्ये न करता फवारणी न झालेल्या भाजीच्या अर्कात करा, म्हणजे भाजीतल्या बाकी घटकांचा परिणाम दोन्हीकडं सारखा पडतो. बाजारातल्या मेथीची खात्री कोण देणार, त्यापेक्षा घरी कुंडीत लावा, महिन्याभरात येते. रिकव्हरी (मुद्दाम टाकलेल्या औषधातलं परत मिळतं ते) ७० ते १२० टक्क्यांत आणि आरएसडी (परत परत मोजलेल्या उत्तरांतला फरक) २० टक्क्यांच्या आत बसलं पाहिजे. ते बसत नसेल तर पद्धत कितीही ग्रीन असो, नमुने परत परत करण्यात सगळी बचत जाते.

याच्यात काय दिसणार नाही तेही सरांना आधीच सांगून ठेवा. क्लोरपायरीफॉस, सायपरमेथ्रीन ईसीडीवर छान दिसतात. इमिडाक्लोप्रिडला एलसी, म्हणजे वाफेऐवजी द्रवावर चालणारं वेगळं यंत्र, लागतं. मॅन्कोझेब तर या पद्धतीनं निघतच नाही, ते ॲसिडमध्ये उकळून कार्बन डायसल्फाइड म्हणून मोजतात.

आणि ते डीप युटेक्टिक सॉल्व्हंटचे (पदार्थ एकमेकांत मिसळून बनवलेल्या, ग्रीन म्हणून गाजणाऱ्या द्रवाचे) पेपर बघून भुलू नका. नाव भारी आहे, पण ते उडत नाही, जीसीत थेट गेलं तर लायनर, म्हणजे यंत्राच्या तोंडाची काचनळी, घाण करून ठेवतं, त्यातून औषध परत वेगळ्या सॉल्व्हंटात काढावंच लागतं.

उरलेलं इथिल ॲसिटेट बेसिनमध्ये ओतू नका, लेबल लावलेल्या बाटलीत साठवा, क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटमध्ये मिसळू नका. तुमच्याकडं सेंट्रिफ्यूज ५० मिली ट्यूबचं आहे का १५ चं ते कळवा, १५ चं असलं तर नमुना २ ग्रॅमवर आणावा लागेल, मग भाजी फार बारीक वाटावी लागते, नाहीतर प्रत्येक ट्यूबचं उत्तर वेगळं येतं.