टोकाचे दारिद्र्य, अठराविश्वे की हलाखी?

धाराशिव जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. 17 ऑक्टोबरला, आंतरराष्ट्रीय दारिद्र्य निर्मूलन दिनी, त्यांना शाळेत भित्तिपत्रक लावायचे आहे. इंग्रजी अहवालांत 'एक्स्ट्रीम पॉव्हर्टी' असे येते, त्याला मराठीत 'अत्यंत गरिबी' म्हणावे, 'अठराविश्वे दारिद्र्य' म्हणावे की 'हलाखी'? आणि सोबत आकडे कोणते द्यावेत?

'टोकाचे दारिद्र्य' लिहा. जरा औपचारिक मजकूर असेल तर 'आत्यंतिक दारिद्र्य'. 'अत्यंत गरिबी' टाळा. 'अत्यंत' हे विशेषणाआधी शोभते (अत्यंत गरीब, अत्यंत कठीण), नामाआधी 'आत्यंतिक' हवे. 'भीषण' आणि 'भयाण' हे पाहणाऱ्याच्या मनातले शब्द आहेत. या संज्ञेला मात्र ठरलेले माप आहे, म्हणून शब्दही मापाचा हवा.

ते माप असे. जागतिक बँकेने 1990 साली माणशी दिवसाला एक डॉलर ही रेषा धरली. 2008 मध्ये ती 1.25 झाली, 2015 मध्ये 1.90, 2022 मध्ये 2.15 आणि जून 2025 पासून 3 डॉलर. रेषा वर गेली एवढ्यावरून लोक जास्त गरीब झाले असे होत नाही. किमतींची नवी माहिती आणि गरीब देशांनी स्वतः ठरवलेल्या रेषा हाती आल्या की ती नव्याने आखतात. म्हणून 1.90 च्या रेषेचा जुना आकडा आणि 3 डॉलरचा नवा आकडा शेजारी ठेवून 'गरिबी वाढली' असे लिहिले, तर पूर्ण चूक होते. वर्तमानपत्रांत ही चूक वारंवार दिसते.

दुसरी चूक रुपयांची. तीन डॉलर म्हणजे बँकेतल्या भावाने अडीचशे रुपये, असे गुणाकार करून छापतात. हा डॉलर क्रयशक्तीचा असतो: अमेरिकेत तीन डॉलरला जेवढे सामान येईल, तेवढे भारतात घ्यायला किती रुपये लागतील, असा त्याचा हिशेब. 2021 च्या भावाने ते साधारण साठ-बासष्ट रुपये होतात. त्यात जेवण, तेल-मीठ, कपडा, औषध, एसटीचे तिकीट सगळे आले. घरच्या रानातली ज्वारी खाल्ली तर तिचीही किंमत लावून त्यात धरतात.

या रेषेखाली 2025 मध्ये जगात सुमारे 80 कोटी 80 लाख माणसे असल्याचा अंदाज आहे, म्हणजे दहांत एक. भित्तिपत्रकावर '808 दशलक्ष' लिहू नका, आपल्याकडे कोणी दशलक्षात मोजत नाही. 1990 मध्ये याच रेषेखाली दोनशे कोटींहून जास्त लोक होते. ही घट फार मोठी आहे आणि ती मुलांना जरूर सांगावी. मात्र ती सगळीकडे सारखी झालेली नाही. चीन आणि भारताचा वाटा त्यात मोठा; भारतात याच रेषेने 2011-12 मध्ये 27.1 टक्के लोक खाली होते, 2022-23 मध्ये 5.3 टक्के. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत जगाची 16 टक्के लोकसंख्या राहते आणि जगातले टोकाचे गरीब दोन तृतीयांश तिथेच आहेत. वयाप्रमाणे पाहिले तर जगातल्या टोकाच्या गरिबांत निम्म्याहून जास्त मुले आहेत. मुलांच्या शाळेत लावायच्या कागदावर माझ्या मते हीच ओळ सगळ्यात वर हवी.

इथे एक इशारा देतो, कारण आपल्या भागात हा घोटाळा ठरलेला आहे. 'पिवळे कार्डवाले म्हणजे टोकाचे गरीब' असे समीकरण मांडू नका. पिवळ्या शिधापत्रिकेची जुनी मर्यादा कुटुंबाला वर्षाला 15,000 रुपये. पाच माणसांचे घर धरले तर माणशी दिवसाला आठ रुपये आणि काही पैसे. याउलट माणशी बासष्ट रुपये रोज धरले तर त्याच पाच जणांचा वर्षाचा खर्च एक लाख तेरा हजारांवर जातो, आणि एक लाखाच्या पुढे उत्पन्न गेले की कार्ड पांढरे! म्हणजे जगाच्या मापाने अगदी रेषेवर असलेले घर कागदोपत्री पांढऱ्या कार्डात बसू शकते. एका बाजूला खर्चाचे माप, दुसऱ्या बाजूला तहसीलच्या दाखल्यावरचे उत्पन्न. दोन्ही एका तराजूत घालता येत नाहीत. सरकारी शब्दांत 'टोकाचे'च्या सगळ्यात जवळ जातो तो 'अंत्योदय'. डिसेंबर 2000 मध्ये ही योजना गरिबांतल्या गरिबांसाठी सुरू झाली. अन्नसुरक्षा कायद्यात 'प्राधान्य कुटुंबा'ला माणशी महिना 5 किलो धान्य मिळते, अंत्योदय कुटुंबाला एकूण 35 किलो. दोन-तीन माणसांच्या घराला हा फरक फार मोठा असतो, सात माणसांच्या घरात तो मिटून जातो.

आता बाकीचे शब्द. 'गरिबी'त घर ओढगस्तीने का होईना चालते. 'हातावर पोट' म्हणजे आज काम मिळाले तर आज चूल पेटणार. हे टोकाच्या दारिद्र्याच्या उंबऱ्यावरचे जगणे आहे, पण त्यात कामाची आशा धरलेली असते. 'विपन्नावस्था' चांगल्या दिवसांतून खाली आलेल्याची. 'हलाखी' अरबी 'हलाक'वरून, म्हणजे नाश. ती दुष्काळाने, आजारपणाने, कर्त्या माणसाच्या मृत्यूने येते आणि ओसरूही शकते. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातली चांगली खाती-पिती घरे खडी फोडायला गेली. ती हलाखी होती. ज्या भूमिहीन घरात त्याआधीही दोन वेळची भाकर नव्हती, तिथे दारिद्र्यच होते.

'अठराविश्वे'बद्दल थोडे सविस्तर, कारण तो सर्रास चुकवला जातो. त्यात 'विश्व' म्हणजे जग नाही. विश्वा किंवा विसवा म्हणजे विसावा हिस्सा, जमिनीच्या मापात बिघ्याचा. वीस विश्वे म्हणजे पुरेपूर. अठरा विश्वे म्हणजे विसातले अठरा हिस्से, जवळजवळ सगळेच. म्हणून 'अठराविश्व दारिद्र्य' लिहू नका, 'अठराविश्वे' लिहा. हा शब्द एका घराचे वर्णन करायला उत्तम आहे: त्यांच्या घरी अठराविश्वे दारिद्र्य. आकड्याच्या वाक्यात तो घालू नये.

'गरीब' आणि 'दरिद्र' या दोन्ही शब्दांच्या मुळाशी घर सुटलेला माणूस आहे. अरबीत 'गरीब' म्हणजे परका, परमुलखातला. संस्कृतात 'दरिद्रा' या धातूचे मूळ पळण्या-भटकण्यात आहे. बीड, जालना, धाराशिवकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात, तेव्हा या अर्थाला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. लोक 'जगायला गेले' म्हणतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. दोघांपैकी एक आजारी पडला की कोयताच मोडतो. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून आधी 'उचल', म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती तोडलेल्या उसाच्या टनावर फेडायची. न आलेल्या दिवसाचा 'खाडा' कापला जातो. पाळी, बाळंतपण, ताप, सगळ्याचा खाडा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या 82,309 स्त्रियांच्या 2019 च्या पाहणीत 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागे दवाखान्यांचा लोभ होता, अर्धवट सल्ला होता, आणि खाड्याची धास्तीही होती. हंगाम संपूनही उचल फिटली नाही तर 'अंगावर बाकी' राहते आणि पुढच्या वर्षीचा हंगाम आधीच विकलेला असतो. घर तीन डॉलरच्या वर असो की खाली, ते खाली ओढले जाते ते असे.

घसरण्याचा क्रमही भाषेत नोंदलेला आहे. आधी कालवण सुटते, मग दुकानात उधारी चढते, दवाखाना पुढे ढकलला जातो. नंतर किडूकमिडूक मोडतात, शेळी विकतात. शेवटी बियाण्याचे धान्य खाल्ले जाते आणि मुलीची शाळा बंद होते. शेळी पुन्हा घेता येते. बियाणे खाल्ले की पुढचा पेराही गेला.

लिहिताना एवढे पाहा: 'गरीब' दीर्घ, पण 'गरिबी' ऱ्हस्व. 'दारिद्र्यता' असा शब्द नाही, 'दारिद्र्य' हे आधीच भाववाचक आहे. 'दारिद्र्यरेषेखालील' एकत्र. आणि 'दरिद्री लोक' कधीच लिहू नका. बोलीत 'दरिद्री' ही शिवी आहे, घाणेरडा, करंटा अशा अर्थाची. 'टोकाच्या दारिद्र्यात राहणारी माणसे' लिहा, चार शब्द जास्त गेले तरी चालतील.